मोरचूद, चुना आणि मोल: केमिस्ट्रीचा सराव कुठून सुरू करायचा

प्रश्न असा आहे: "मी अकरावी सायन्सला आहे, तासगाव तालुक्यात राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. केमिस्ट्रीची सूत्रं पाठ आहेत, दोन प्रश्नसंचही आणलेत. पण गणित सोडवायला बसलं की उत्तर जुळत नाही आणि चूक कुठे झाली तेही कळत नाही. बेसिक पक्कं होईल असे सरावाचे प्रश्न उत्तरांसकट द्या."

तिसरा प्रश्नसंच आणू नकोस. सूत्रं पाठ असूनही उत्तर चुकतं, तेव्हा चूक बहुतेक वेळा सूत्राच्या आधीच झालेली असते: दिलेला आकडा नक्की कशाचा आहे हे न पाहता तो सूत्रात घातलेला असतो. रासायनिक अभिक्रियेला ग्रॅम कळत नाहीत, तिथे कण मोजले जातात. म्हणून ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर जाता येत नाही, मध्ये मोलवर उतरावंच लागतं. मिरज जंक्शनसारखं समज. ग्रॅम, लिटर, मोलॅरिटी, कणांची संख्या या सगळ्या लाइनी मोलला येऊन मिळतात आणि तिथून पुढे फुटतात. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. हा आकडा वापरायची वेळ क्वचित येते, पण मोल म्हणजे वजन नव्हे, मोजणी, हे डोक्यात पक्कं असायला हवं.

खालच्या प्रश्नांत मी पदार्थांची नावं लिहिली आहेत. वहीत तू चिन्हं आणि सूत्रं लिही, संयुजेचा सराव आपोआप होईल. अणुवस्तुमानं ही घे: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०, लोखंड ५६, तांबं ६३.५.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू, कारण मराठीतून इंग्रजीत जाताना तो हमखास नडतो. आपल्याकडे नदीकाठच्या जमिनीला 'क्षारपड' म्हणतात, बोअरच्या पाण्याला 'क्षार आहेत' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात क्षार म्हणजे अल्कली असं बसतं. पाठ्यपुस्तकातला क्षार म्हणजे सॉल्ट, आम्ल आणि आम्लारी मिळून तयार होणारा. आम्लारी म्हणजे बेस. सोड्याचंही तसंच. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, मोलर वस्तुमान (एका मोलचं वस्तुमान, ग्रॅममध्ये) ८४. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, कोरडा असेल तर १०६, दहा रेणू पाणी धरून बसलेला स्फटिक असेल तर २८६. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, ४०. नुसतं 'सोडा' वाचून पुढे गेलीस तर पहिल्याच भागाकारात चूक होईल.

पहिला प्रश्न, आणि याच्यावर दोन दिवस घालव. द्राक्षबागेत बुरशीवर फवारायला १ टक्का बोर्डो मिश्रण करतात: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. (अ) यात मोरचूद किती मोल? (आ) चुना किती मोल? (इ) मर्यादित घटक, म्हणजे लिमिटिंग रिएजंट, कोणता? (ई) मिश्रणात तांब्याची मोलॅरिटी किती? (उ) मिश्रणात चकचकीत लोखंडी पातं बुडवून का बघतात?

मोरचूद म्हणजे निळं कॉपर सल्फेट. त्या निळ्या खड्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू असतात. कॉपर सल्फेट १५९.५, पाणी पाच गुणिले १८ म्हणजे ९०, एकूण २४९.५. आता १००० भागिले २४९.५ म्हणजे ४.०१ मोल. पाणी विसरून १५९.५ ने भागलंस तर ६.२७ येईल, दीडपटीहून जास्त. प्रश्नात 'निळे स्फटिक', 'मोरचूद' किंवा 'हायड्रेटेड' असा शब्द दिसला की त्याखाली रेघ मार.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, ५६. १००० भागिले ५६ म्हणजे १७.८६ मोल. पाणी घातलं की तो विरतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो आणि भरपूर उष्णता सुटते. ही उष्मादायी अभिक्रिया आहे. विरताना चुना उडून डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे हा प्रयोग घरी करायचा नाही, वहीतच करायचा. एका मोलला एक मोल पाणी लागतं, म्हणजे १७.८६ मोलला सुमारे ३२१ ग्रॅम. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त घालतात, कारण उष्णतेने काही पाण्याची वाफ होते.

आता समीकरण. सोप्या रूपात ते असं: १ कॉपर सल्फेट + १ कॅल्शियम हायड्रॉक्साइड → १ कॉपर हायड्रॉक्साइड + १ कॅल्शियम सल्फेट. प्रत्यक्षात तयार होणारा निळा साका याहून गुंतागुंतीचा असतो, पण मोलचा हिशेब समजायला हे रूप पुरतं. प्रमाण एकास एक. मोरचूद ४.०१ मोल, चुना १७.८६ मोल. मोरचूद आधी संपेल, म्हणून मर्यादित घटक मोरचूद. इथे नेहमीची चूक अशी, की 'दोन्ही एक-एक किलो, म्हणजे दोन्ही सारखेच' असं लिहून मोकळं होणं. वजन सारखं असलं तरी कण सारखे नसतात. हलक्या कणांच्या किलोत कण जास्त भरतात.

हिशेबाने चुना किती पुरला असता? ४.०१ गुणिले ५६, म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम. मग किलोभर का घालतात? बाजारातल्या चुन्यात खडे असतात, आणि बराच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट झालेला असतो, जो इथे जवळजवळ निकामी. शिवाय शेवटचं मिश्रण आम्लधर्मी राहून चालत नाही.

पुढचा उपप्रश्न यातूनच निघतो. चुना इतका जुना निघाला की त्यात खरा कॅल्शियम ऑक्साइड फक्त २० टक्के आहे, तर? किलोत २०० ग्रॅम, म्हणजे ३.५७ मोल. आता चुना मर्यादित घटक झाला. ०.४४ मोल तांबं द्रावणात आयनरूपात मोकळं राहिलं, म्हणजे जवळजवळ २८ ग्रॅम. हे मोकळं तांबं कोवळी पानं जाळतं. म्हणूनच पातं बुडवतात. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः द्रावणात जातं आणि तांब्याला बाहेर काढतं. लोखंडाने दोन इलेक्ट्रॉन दिले, ते ऑक्सिडीकरण. तांब्याने ते घेतले, ते क्षपण. पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला असं समजायचं आणि आणखी चुन्याची निवळी घालायची. थर नाही आला तर मोकळं तांबं उरलेलं नाही. मोरचुदाचं द्रावण लोखंडी किंवा जस्ती बादलीत का करू नये, याचं उत्तरही हेच. बादली खराब होते आणि द्रावणातलं तांबं कमी होतं.

मोलॅरिटी सोपी: ४.०१ मोल भागिले १०० लिटर, ०.०४. इथे एक बारकावा आहे. मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल. एक लिटर पाण्यात नव्हे. पातळ द्रावणात फरक जाणवत नाही, घट्ट द्रावणात जाणवतो. प्रयोगशाळेत पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत पाणी भरतात ते यासाठीच.

एका पिंपात मोल, मर्यादित घटक, शुद्धता, अवक्षेप (साका), रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपण) आणि मोलॅरिटी एवढं सगळं आलं. हे उदाहरण न बघता कोऱ्या कागदावर मांडता आलं की पहिल्या धड्याची निम्मी गणितं झाली म्हणून समज.

दुसरा प्रश्न उत्तर तपासण्याची सवय लावण्यासाठी. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा ब्यूटेन आहे असं मानलं, तर पूर्ण जळल्यावर कार्बन डायऑक्साइड किती किलो तयार होईल?

समीकरण: २ ब्यूटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी. ब्यूटेनचं मोलर वस्तुमान ५८. १४,२०० भागिले ५८ म्हणजे २४४.८ मोल. प्रत्येक मोलमागे ४ मोल कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ९७९ मोल, गुणिले ४४, सुमारे ४३.१ किलो.

इथे बरीच मुलं उत्तर खोडतात. चौदा किलोतून त्रेचाळीस किलो कसे निघतील? घाबरून खोडू नको, तपास. ऑक्सिजन लागला २४४.८ गुणिले ६.५, म्हणजे १५९१ मोल, ५०.९ किलो. पाणी झालं १२२४ मोल, २२ किलो. डावीकडे १४.२ + ५०.९ = ६५.१. उजवीकडे ४३.१ + २२.० = ६५.१. जुळलं. जास्तीचं वजन हवेतून आलं. परीक्षेत ही बेरीज करायला अर्धा मिनिट लागतो, आणि समीकरण चुकीचं बॅलन्स झालं असेल तर ते इथेच उघडं पडतं.

बॅलन्स करण्याबद्दल एवढंच: पुढचा अंक बदलायचा, सूत्रातला खालचा अंक कधीच नाही. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिलास की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. ज्वलनाच्या समीकरणात आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. ऑक्सिजनपाशी अपूर्णांक आला तर येऊ दे, मग सगळं दुप्पट कर.

तिसरा, साखरेचा. १ किलो साखर पूर्ण आंबली तर इथेनॉल किती? साखर म्हणजे सुक्रोज, ३४२. १ सुक्रोज + १ पाणी → ४ इथेनॉल + ४ कार्बन डायऑक्साइड. १००० भागिले ३४२ म्हणजे २.९२ मोल, चौपट ११.७ मोल, गुणिले ४६ म्हणजे सुमारे ५३८ ग्रॅम. मिलिलिटर विचारले तर घनता लागेल: ०.७८९ ने भागल्यावर साधारण ६८२ मिलिलिटर. घनतेने गुणायचं की भागायचं यात गोंधळ होत असेल तर एकक बघ. ग्रॅमला 'ग्रॅम प्रति मिलिलिटर'ने भागलं की मिलिलिटर उरतात.

सोबत ११.७ मोल कार्बन डायऑक्साइड सुटतो. ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फियर दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर जागा घेतो, म्हणजे २६२ लिटर. काही पुस्तकं दाब १ बार धरतात, तिथे हाच आकडा २२.७ असतो. आणि २५ अंशाला सुमारे २४.५ लिटर. प्रश्नात तापमान आणि दाब वाचल्याशिवाय २२.४ वापरू नको. हा वायू ४४, हवा सरासरी २९, म्हणून तो टाकीच्या तळाशी साचतो. आंबवणाच्या टाकीत तपासणी न करता उतरणं जीवावर का बेततं, याचं उत्तर याच दोन आकड्यांत आहे.

चौथा, टायट्रेशन. प्रॅक्टिकलला ३० गुण आहेत आणि थिअरीतही यावर विचारतात. २५० मिलिलिटर ०.१ मोलॅर ऑक्झॅलिक आम्ल करायला किती ग्रॅम लागेल? बाटलीतले स्फटिक दोन रेणू पाणी धरून असतात, म्हणून ९० नव्हे, १२६. ०.१ गुणिले ०.२५ म्हणजे ०.०२५ मोल, गुणिले १२६, म्हणजे ३.१५ ग्रॅम. ९० धरून २.२५ ग्रॅम तोललंस तर द्रावण प्रत्यक्षात ०.०७१ मोलॅर होतं, आणि पुढचं प्रत्येक रीडिंग चुकतं.

आता या आम्लाचे १० मिलिलिटर फ्लास्कमध्ये, ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा, दर्शक फिनॉल्फ्थॅलिन. १९.२ मिलिलिटर लागले. कॉस्टिकची मोलॅरिटी किती? एका मोल ऑक्झॅलिक आम्लाला दोन मोल कॉस्टिक लागतो. आम्ल ०.००१ मोल, म्हणून कॉस्टिक ०.००२ मोल, भागिले ०.०१९२ लिटर, म्हणजे ०.१०४. ०.०५२ आलं असेल तर दोनचा गुणाकार राहिला. 'एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू' डोळे झाकून वापरलं की हेच होतं. ते सूत्र पाणी घालून द्रावण पातळ करण्याचं आहे. दोन वेगळ्या पदार्थांत ते चालतं ते फक्त प्रमाण एकास एक असेल तेव्हा.

खरा सराव मात्र पुढच्या प्रश्नात आहे. खालीलपैकी प्रत्येक चुकीने काढलेली मोलॅरिटी खऱ्यापेक्षा जास्त येईल, कमी येईल की तीच राहील?

फ्लास्क ऑक्झॅलिक आम्लाने विसळला: आत जादा आम्ल राहिलं, कॉस्टिक जास्त लागला, छेद मोठा, उत्तर कमी. ब्युरेट पाण्याने धुतली पण कॉस्टिकने विसळली नाही: कॉस्टिक पातळ झाला, जास्त लागला, उत्तर कमी. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा होता आणि मध्येच निघून गेला: जेवढं पडलं त्यापेक्षा रीडिंग जास्त, उत्तर कमी. पिपेट पाण्याने ओली होती: आम्ल पातळ होऊन कमी मोल आले, कॉस्टिक कमी लागला, उत्तर जास्त. फ्लास्क पाण्याने ओला होता: काहीच फरक नाही, कारण आम्लाचे मोल तेवढेच राहिले. शेवटचं उत्तर ज्याला नीट पटलं त्याला मोल समजला.

फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग अर्ध्या मिनिटाभर टिकला की थांब. नंतर तो पुसट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे. रंग गेला म्हणून आणखी थेंब घालत राहिलं की रीडिंग पुढे जातं. आणि कॉस्टिकचं नेमकं द्रावण थेट तोलून का करत नाहीत? तो तोलता तोलताच हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो.

सामू, म्हणजे पीएच. इथे लॉगचा सराव हवा. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून घरीही मोबाइल बाजूला ठेवून सोडव. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, लॉग ५ म्हणजे ०.६९९०. एवढे तीन पाठ असले की बरंच काम भागतं.

सामू २ आणि सामू ४ असलेली हायड्रोक्लोरिक आम्लाची दोन द्रावणं सारख्या आकारमानात मिसळली. सामू किती? सरासरी ३, असं मनात येतं. पण सामू मिसळत नाही, हायड्रोजन आयन मिसळतात. ०.०१ आणि ०.०००१ यांची बेरीज ०.०१०१, आकारमान दुप्पट झालं म्हणून निम्मे, ०.००५०५. सामू २.३०. तीव्र द्रावणाचाच जोर राहतो. दुसरा: हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती १० चा −८ वा घात मोलॅर, सामू किती? ८ लिहिलंस तर आम्लात पाणी घालून आम्लारी तयार झाल्यासारखं होईल, आणि ते शक्य नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन यापेक्षा जास्त आहेत, ते धरले की ६.९८ येतं.

हळदीवरचा एक प्रश्न, कारण सांगलीच्या मुलीला तो सुचायलाच हवा. चार बिनरंगी द्रावणं आहेत: गाळलेला पातळ लिंबूरस, मिठाचं पाणी, धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि साधं पाणी. हाताशी फक्त हळदीचा कागद. किती ओळखता येतील? हळद आम्लात आणि उदासीन द्रावणात पिवळीच राहते, आम्लारीत लालसर तपकिरी होते. म्हणून पहिल्या फेरीत फक्त सोडा सापडतो. मग लाल झालेला तोच कागद घ्यायचा आणि उरलेल्यांचा थेंब-थेंब टाकायचा. ज्याने तो पुन्हा पिवळा होईल तो लिंबूरस. थेंब कागदावरचा सोडा खपेल एवढे हवेत, एका थेंबाने झालं नाही तर आणखी टाक. मिठाचं पाणी आणि साधं पाणी यांत हळद भेद करू शकत नाही, आणि 'करता येणार नाही' हेही पूर्ण गुणांचं उत्तर असतं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि लिंबाने परत पिवळा होतो, हे धुण्याच्या दगडावर एकदा बघितलंस की दर्शक म्हणजे काय ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

उष्णता. १ मोलॅर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर आणि १ मोलॅर कॉस्टिक ५० मिलिलिटर मिसळले, तापमान ६.८ अंशांनी वाढलं. दोन्ही १००-१०० मिलिलिटर घेतले तर किती वाढेल? दुप्पट नाही, तेवढंच, ६.८. उष्णता दुप्पट झाली, पण तापवायचं पाणीही दुप्पट झालं. आकारमान तेवढंच ठेवून दोन्ही २ मोलॅर घेतले तर मात्र १३.६. आकडा तपासून बघ: ०.०५ मोल गुणिले ५७ किलोज्यूल (एक मोल आम्ल उदासीन होताना सुटणारी उष्णता) म्हणजे २.८५ किलोज्यूल, भागिले १०० ग्रॅम गुणिले ४.१८ (पाण्याची विशिष्ट उष्णता).

याच्याच शेजारचा: महाबळेश्वरला पाणी सुमारे साडेपंचाण्णव अंशांना उकळतं, सांगलीत ९८ च्या आसपास. तिथे उघड्या भांड्यात डाळ शिजायला वेळ लागतो. गॅस मोठा केला तर लवकर शिजेल का? नाही. बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा झाला की पाणी उकळतं, आणि उकळायला लागल्यावर तापमान पुढे सरकत नाही. जास्तीची उष्णता फक्त जास्त वाफ करते. कुकर दाब वाढवतो म्हणून तिथे उपयोगी पडतो.

कठीण पाणी. बोअरच्या पाण्याची कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे असं मान. १० लिटर मृदू करायला धुण्याचा सोडा किती? ३ ग्रॅम, म्हणजे ०.०३ मोल. एकास एक. कोरडा सोडा ३.१८ ग्रॅम, स्फटिक ८.५८ ग्रॅम. उकळून यातली फक्त बायकार्बोनेटमुळे आलेली कठीणता जाते. सल्फेट आणि क्लोराइडची राहते.

अणुरचना, आवर्तसारणी आणि बंध यांत गणित कमी आणि 'का' जास्त. थोडेच प्रश्न, पण प्रत्येकाचं कारण एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. नायट्रोजनची आयनीकरण ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) ऑक्सिजनपेक्षा जास्त का? नायट्रोजनच्या तिन्ही पी कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन आहे. ऑक्सिजनमध्ये एका कक्षकात जोडी झालेली आहे, जोडीतले दोघे एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यातला एक सहज निघतो. मॅग्नेशियमची अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त का? मॅग्नेशियमचा जाणारा इलेक्ट्रॉन ३एस मधला, अ‍ॅल्युमिनियमचा त्याहून वरच्या ३पी मधला. ऑक्साइड, फ्लोराइड, सोडियम आणि मॅग्नेशियम आयन, चौघांत दहा-दहा इलेक्ट्रॉन: सर्वांत मोठा ऑक्साइड, सर्वांत लहान मॅग्नेशियम, कारण इलेक्ट्रॉन तेवढेच आणि ओढणारे प्रोटॉन ८ वरून १२ झाले. कार्बन डायऑक्साइडमध्ये बंध ध्रुवीय असूनही रेणू अध्रुवीय, कारण तो सरळ रेषेत आहे. पाणी १०४.५ अंशांत वाकलेलं, म्हणून ध्रुवीय.

सेंद्रिय रसायनात आत्ता फक्त रचना-समघटक (सूत्र तेच, अणूंची जोडणी वेगळी) काढ. पेन्टेनचे ३. चार कार्बन, दहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन या सूत्राचे ७: चार अल्कोहोल, तीन ईथर. आठवा सापडला असं वाटलं तर तो आधीच्या सातांपैकीच एक उलटा लिहिलेला असेल. लांब साखळीला दोन्ही टोकांकडून अंक देऊन नाव लिही, दोन नावं एकच आली की तो एकच रेणू.

आता एक तुझ्या गावचा, उत्तर दिलंय पण रीत तू लिही. बेदाण्यासाठी द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात त्यात लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट असतं. मोलॅरिटी किती, पोटॅशियम आयनांची संहती किती, आणि द्रावणात हळदीचा कागद घातला तर काय होईल? उत्तरं: ०.१८१, ०.३६२, लाल. पहिली दोन उत्तरं सारखी आली असतील तर एका एककातून पोटॅशियमचे किती आयन सुटतात ते पुन्हा बघ. आणि कागद लाल का झाला हे लिहिताना 'पोटॅशियममुळे' असं लिहू नको. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात तोच कागद पिवळाच राहतो. पाण्यातून हायड्रोजन आयन ओढून हायड्रॉक्साइड मोकळा करतं ते कार्बोनेट.